शीळ घालणारा वकील

घाटाखालच्या आमच्या उंबरमाळीस दिवाळी येते ती वाघबारशीच्या पावलांनी. शहरात त्याच दिवशी वसुबारस असते आणि गाय-वासराची पूजा होते. आमच्याकडे गुराखी पोरे रानात जाऊन वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावतात, नैवेद्य दाखवतात आणि त्याला विनवतात की, बाबा रे, वर्षभर आमची गुरे तुझ्याच हद्दीत चरायची आहेत, तेव्हा नजर असू दे. वाघ आता राहिला नाही, पण विनवणी राहिली आहे. भात कापणीला आलेले असते, पहाटे धुके इतके दाट पडते की खर्डीकडून कसाऱ्याकडे जाणारी गाडी दिसत नाही, नुसती ऐकू येते. १८६५ साली कसाऱ्याचा घाट फोडून लोहमार्ग वर गेला तेव्हापासून आमच्या गावाला घड्याळाची गरज पडली नाही, असे जुनी माणसे म्हणत.

अशाच एका वाघबारशीला, मी आठ-नऊ वर्षांचा असताना, म्हणजे १९५७च्या सुमारास, माझा मामा मुंबईहून एक काळी पेटी घेऊन आला. कसाऱ्यापर्यंत गाडीने आणि पुढे बैलगाडीने. मामा परळच्या गिरणीत होता. पेटी त्याने जुन्या बाजारात घेतली होती. झाकण उघडले, चावी बसवली, गोल गोल फिरवली, पिनांच्या डबीतून एक पीन काढून साऊंडबॉक्सला लावली, आणि सहा तबकड्यांपैकी पहिली ठेवली. वाचकहो, त्या क्षणाची अपूर्वाई आज कशी सांगू? आजी पेटीच्या मागे जाऊन पाहून आली. तिला वाटले, कोणी तरी दडून बसले आहे.

पाच तबकड्या नाटकातल्या पदांच्या आणि अभंगांच्या होत्या. सहावी वेगळी होती. त्यात ताना नव्हत्या, आलापी नव्हती. एक तरुण, स्वच्छ, जरासा हळवा पुरुषी आवाज रानातल्या शिळेची गोष्ट सांगत होता आणि त्यातला शब्द न् शब्द अंगणात शेवटी बसलेल्या माणसापर्यंत पोचत होता. वाघोबाहून परतलेली गुराखी पोरे कुंपणापाशी थबकली. त्यांच्यातला थोरला म्हणाला, "ह्यो आपल्यातलाच कोनी तरी गुराखी हाय."

मामा हसून म्हणाला, "गुराखी कसला! वकील आहे तो, नागपूरचा!"

त्या पोराचा विश्वास बसला नाही. खरे सांगायचे तर माझाही बसला नाही. वकील आम्हांला ठाऊक होते ते शहापूरच्या कचेरीत काळा कोट घालून उभे राहणारे. ते शीळ कशाला घालतील? पुढे थोडेफार वाचू लागलो तेव्हा कळले की मामा खरे बोलत होता.

त्या वकिलाचे नाव जोशी. तबकडीवर आणि लोकांच्या तोंडी जी. एन. जोशी. जन्म १९०९ सालचा. नागपुरात शिकून त्यांनी वकिलीची पदवी घेतली, पण जीव गाण्यात. आणि ज्या कवितेने त्यांचे नाव घराघरांत नेले तिचा कवीही वकीलच! ना. घ. देशपांडे, वऱ्हाडातल्या मेहकरचे, हेही १९०९चेच. एकाच वयाच्या दोन तरुण वकिलांनी मिळून मराठी माणसाला एक रानातले गाणे दिले, हा योग मोठा गमतीचा आहे. 'शीळ' ही देशपांड्यांची कविता जोशींनी स्वतः चाल लावून गायिली आणि १९३०नंतरच्या पहिल्या दोन-चार वर्षांत ती तबकडीवर आली.

आता यात विशेष काय, असे आजचा वाचक विचारील. गाणारा स्वतःच चाल लावतो, स्वतःच गातो, हे आज नित्याचे आहे. त्या वेळी नव्हते. १९०२ साली गायसबर्ग नावाचा साहेब लंडनहून कलकत्त्यास आला आणि त्याने गौहर जानचे गाणे मेणावर कोरून नेले, तेव्हापासून पुढची पंचवीस-तीस वर्षे मराठीत तबकडी म्हणजे बहुतेक नाटकातले पद, नाही तर बैठकीची चीज. पद आधी रंगभूमीवर गाजलेले असे. गंधर्व नाटक मंडळीचे पद तबकडीवर येई तेव्हा गिऱ्हाइकाला ते अर्धे पाठ असे. कविता ही निराळी गोष्ट. ती मासिकात छापायची किंवा फार तर १९२३ साली पुण्यात निघालेल्या रविकिरण मंडळातल्या कवींप्रमाणे मित्रांच्या बैठकीत म्हणून दाखवायची. इचलकरंजीचे जे. एल. रानडे यांनी कविता तबकडीवर गाण्याची वाट आधी पाडली होती. पण कोणत्याही नाटकाच्या पाठबळावाचून, कोणत्याही घराण्याच्या गादीवाचून, एका ताज्या कवितेला एका ताज्या गळ्याने घरोघर पोचवावे आणि लोकांनी ती उचलून धरावी, हे 'शीळ'ने फार ठसठशीत करून दाखवले. भावगीत हा शब्द रूढ झाला त्यात या तबकडीचा वाटा मोठा आहे.

एक गोष्ट मला नेहमी नवलाची वाटते. देशपांड्यांचा 'शीळ' हा संग्रह पुस्तकरूपाने निघाला १९५४ साली. म्हणजे गाणे आधी आणि पुस्तक वीस वर्षांनी मागून! मराठी कवीची कीर्ती छापखान्याच्या आधी लाखेच्या तबकडीने केली. कवीस साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९८६ साली, 'खूणगाठी' या संग्रहासाठी. तोपर्यंत ज्यांना त्यांचे नावही ठाऊक नव्हते अशी हजारो माणसे त्यांची कविता गुणगुणत म्हातारी झाली होती.

तबकडी कशी होत असे हेही सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय जोशींच्या पुढल्या आयुष्याचा अर्थ लागत नाही. जाड मेणाची एक वडी फिरत असे आणि तिच्यावर सुई आवाज कोरीत असे. १९२५पूर्वी गाणाऱ्याला कर्ण्याच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडावे लागे. जोशींच्या वेळी मायक्रोफोन आला होता, म्हणून तर त्यांच्यासारखा हळवा, बोलका आवाज टिपता आला. पण दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जागा असे जेमतेम तीन मिनिटांची. चूक झाली तर खोडायची सोय नाही. ती वडी रद्द, दुसरी घ्या. आणि कसे गायिले हे लगेच ऐकावे म्हटले तर तेही नाही, कारण ऐकण्यासाठी सुई फिरवली की मेण खराब व्हायचे. त्या मेणावरून धातूचा साचा निघे आणि त्या साच्याने लाखेच्या तबकड्या छापल्या जात. लाख म्हणजे तरी काय? पळस, कुसुम, बोर या झाडांवरच्या किड्यांनी केलेली राळ. छोटा नागपूरच्या रानातून ती गोळा होई. आमच्या रानात पळस चिकार, पण लाख कोणी करीत नसे. लहानपणी मला वाटे, आमच्या पळसाचीही तबकडी व्हावी.

'शीळ'नंतर जोशींच्या तबकड्या एकामागून एक निघत गेल्या. गंगूबाई हंगल त्या काळी गांधारी हंगल या नावाने तबकड्या गात. त्यांच्याबरोबर जोशींनी युगुलगीते गायिली. किराणा घराण्याची ती भारदस्त गायिका एके काळी भावगीतेही गात होती हे आज सांगितले तर लोक डोळे विस्फारतात. त्याच सुमारास पुण्यात गजानन वाटवे पुढे येत होते. वाटवे स्वतः चाली लावीत, स्वतः गात आणि गणेशोत्सवात, चौकात, मैदानात गर्दी खेचीत. त्यांना तबकडीपेक्षा मंडप जवळचा. सुधीर फडके १९४०नंतरचे. म्हणजे गायक-संगीतकारांची एक नवीच जात महाराष्ट्रात तयार होत होती. तिला ना नाटक मंडळीचा पगार, ना संस्थानिकाचा आश्रय.

आणि नेमक्या याच वेळी, १९३८ साली, जोशींनी ग्रामोफोन कंपनीत नोकरी धरली. ध्वनिमुद्रणासाठी कलावंत निवडायचे, त्यांना राजी करायचे, काय गावे हे ठरवायचे, तीन मिनिटांत बसवायचे आणि तबकडी बाजारात जाईपर्यंत पाठपुरावा करायचा, असे ते काम. आज त्याला निर्माता म्हणतात. कुत्र्याच्या चित्राची ती कंपनी त्या वेळी या देशात सर्वांत बलाढ्य. नाही म्हणायला मुंबईत १९३५ साली 'यंग इंडिया' या छापाच्या देशी तबकड्या निघू लागल्या होत्या, वडाळ्यास त्यांचा कारखाना होता आणि मोठ्या कंपनीच्या दारात उभे न राहिलेल्या कित्येक हौशी गळ्यांना त्यांनी जागा दिली. पण तो कारखाना वीसेक वर्षांनी बंद पडला. कुत्रा मात्र कर्ण्यापुढे बसूनच राहिला.

जोशींनी हे बरे केले का? या प्रश्नावर माझे मत आयुष्यात दोनदा बदलले, आणि त्याला कारण माझी आत्या.

आमची आत्या धवले गाई. ठाणे जिल्ह्यातल्या वाचकांना धवलारीण कोण हे सांगायला नको. इतरांसाठी सांगतो की लग्नात हळदीपासून वरातीपर्यंतचे सगळे विधी जिच्या गाण्यावाचून पुढे सरकत नाहीत ती बाई. भटजी उशिरा आला तर चालते, धवलारीण उशिरा आली तर मंडपात चुळबुळ सुरू होते. नवऱ्या मुलाचे नाव, मुलीच्या बापाचे नाव, कोणत्या वाटेने वऱ्हाड आले, कोणत्या ओढ्याला पाणी होते, हे सारे ती गाता गाता गाण्यात घालीत जाई. म्हणजे शब्द तिचे, चाल पूर्वजांची आणि तिची मिळून, गळाही तिचाच. लिहिता-वाचता येत नव्हते. बिदागी म्हणजे एक लुगडे, नारळ आणि तांदूळ.

मामाच्या डोक्यात आले की हिचीही तबकडी व्हावी. १९५९ साली तो तिला मुंबईस एका कंपनीच्या दारात घेऊन गेला. ती कंपनी कोणती हे सांगण्यात अर्थ नाही, आणि तिथे भेटलेले गृहस्थ जोशी नव्हते. गृहस्थ सभ्य होते. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, चहा पाजला, ऐकून घेतले. मग म्हणाले, "बाई, आवाज गोड आहे तुमचा. पण हे तीन मिनिटांत संपवता येईल का?"

आत्या म्हणाली, "नवरीची हळद तीन मिन्टात कशी उतरंल, दादा?"

झाले. दोघे संध्याकाळच्या गाडीने परत आली. आत्या त्याबद्दल पुन्हा बोलली नाही. मामा मात्र चार लोकांत बोलत राहिला, आणि मी ते ऐकत मोठा झालो. कॉलेजात असताना मला त्या खुर्चीचाच राग येऊ लागला. जो माणूस स्वतः रानातले गाणे गात होता तोही तसल्याच खुर्चीवर जाऊन बसला, हे मला फितुरीसारखे वाटे. वाटवे मैदानात उभे राहिले, जोशी कचेरीत शिरले, असा माझा सोपा हिशेब होता.

तो हिशेब पुढे त्यांच्याच आठवणींनी मोडला. 'स्वरगंगेच्या तीरी' हे त्यांचे पुस्तक. पुढे त्यांनीच ते इंग्रजीतूनही लिहिले. त्यात बालगंधर्व आहेत, बडे गुलाम अली आहेत, अमीर खाँ आहेत, बेगम अख्तर आहेत. ज्यांच्या लहरी सांभाळताना भल्याभल्यांची गाळण उडे अशी ही मंडळी. ते वाचताना माझ्या ध्यानात आले की या माणसाने स्वतःच्या गळ्याचे काम बाजूला ठेवून तीस वर्षांवर दुसऱ्यांचे गळे राखले. गाणाऱ्याची भीती गाणाऱ्यालाच कळते. लाल दिवा लागला की भल्या खाँसाहेबांचाही घसा कोरडा पडतो, हे ज्याने स्वतः सोसले आहे तोच त्या वेळी योग्य तो विनोद करू शकतो किंवा गप्प राहू शकतो.

आणि राखण्याची निकड किती होती! द. वि. पलुसकरांचे उदाहरण घ्या. १९२१चा जन्म आणि १९५५च्या ऑक्टोबरात मृत्यू. वय चौतीस वर्षे. त्यांचे गाणे आज आपल्याला ऐकू येते ते तेवढ्या थोडक्या वर्षांत कोणी तरी त्यांना मायक्रोफोनपुढे बसवले म्हणून. उद्या बसवू, म्हटले असते तर उद्या नव्हता.

पुढे मोठी तबकडी आली, जिला आपण एलपी म्हणतो. अमेरिकेत ती १९४८ला निघाली, आपल्याकडे त्या दशकानंतर पसरली. तीन मिनिटांचा फास सुटला आणि एका बाजूवर वीस-वीस मिनिटे मिळू लागली. १९६० साली अमीर खाँसाहेबांचा मारवा आणि दरबारी अशा तबकडीवर निघाले. ज्याची बढत मुंगीच्या पावलांनी जाते त्या गवयाला अखेर ऐसपैस बसायला जागा मिळाली.

जोशींची मला सर्वांत आवडणारी कामगिरी मात्र १९६७ची. 'कॉल ऑफ द व्हॅली' असे इंग्रजी नाव असलेली ती एलपी. तीन तरुण वादक: संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरासिया, गिटारवर ब्रिजभूषण काबरा. तबल्याला माणिकराव पोपटकर. तिघेही तिशीच्या आतबाहेरचे. संतूर हे मैफलीचे वाद्य आहे की नाही याबद्दल जाणकार तेव्हा नाके मुरडीत होते आणि गिटार तर परदेशीच. अशा तिघांना एकत्र बसवून, काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत रागांतून सांगायचा, अशी ती योजना. अहिरभैरवाने दिवस उजाडतो आणि पहाडीने संपतो. निर्माते जी. एन. जोशी. ही तबकडी जगभर गेली. आपल्या संगीताची चव परदेशी माणसाला लावणाऱ्या मोजक्या तबकड्यांत तिची गणना होते. बासरीवाले आणि संतूरवाले पुढे केवढे झाले हे सांगायला नको.

मी ती प्रथम ऐकली १९७२ साली, कल्याणला एका मित्राकडे. बासरी सुरू झाली आणि मला एकदम आमचे कुंपण आठवले, त्याला टेकून उभा असलेला तो थोरला गुराखी आठवला. जवळजवळ तीस वर्षे कचेरीत काढूनही या वकिलाच्या डोक्यातून रानातला गुराखी गेला नव्हता! माझा राग मला तिथल्या तिथे लाजवून गेला.

पण म्हणून आत्याचा प्रश्न सुटत नाही. निवडणारा कितीही रसिक असो, यंत्राला जेवढे मावते तेवढेच तो निवडतो आणि जे विकते तेच कंपनी छापते. कायद्याचेही तेच. १९५७च्या कायद्याने तबकडीचा मालक ठरवला तो ती काढणारा. गाणाऱ्याला स्वतःच्या गायनावर म्हणून हक्क मिळाला १९९४च्या दुरुस्तीने, आणि गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटा कोणाला लिहून घेता येणार नाही असे ठरले २०१२ साली. जोशी वारले ते १९९४मध्येच. गंमत अशी की तबकडीवरचा हक्क साठ वर्षांनी संपतो, म्हणून त्यांच्या ऐन तारुण्यातले ते ध्वनिमुद्रण केव्हाच सर्वांचे झाले, पण 'शीळ'चे शब्द मात्र कवीच्या मृत्यूनंतर, म्हणजे २०००नंतर, साठ वर्षे राखलेले आहेत. आत्याच्या धवल्यांना असले काहीच लागू नव्हते. ते पहिल्यापासून सर्वांचेच होते, म्हणूनच बहुधा ते कोणी जपले नाहीत.

मीही नाही. हे कबूल केले पाहिजे. १९७८ साली मी नोकरीतल्या बोनसातून कॅसेटचा टेपरेकॉर्डर घेतला आणि दिवाळीच्या सुट्टीत आत्यापुढे ठेवला. ती तेव्हा सत्तरीला आली होती. तिने विचारले, "ह्यात किती येळ मावतं?" मी म्हणालो, "एका बाजूला पाऊण तास. मग पालटायची." तिने पदर सावरला आणि अशी काही सुरू झाली की दोन रात्रींत चार कॅसेटी भरल्या. हळद, तेलवण, मांडव, सगळे. मध्ये ती खोकायची, पाणी प्यायची, सुनेला चुलीवरचे भात पाहायला सांगायची, आणि पुन्हा सोडल्या जागेवरून सूर उचलायची.

त्या चार कॅसेटी मी उंबरमाळीच्या घरात फडताळात ठेवून मुंबईस गेलो. आमचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचे सांगायला नको. तानसा आणि वैतरणा भरून मुंबईची तहान भागवणारा तो पाऊस चार महिने भिंतींतून झिरपतो. आत्या १९८३ साली गेली, आणि दिवसकार्य आटोपल्यावर मी फडताळ उघडले तेव्हा फितींवर पांढरी बुरशी धरली होती. दोन कॅसेटी फिरल्याच नाहीत. तिसरी फिरता फिरता तुटली. त्याच फडताळात, त्याच ओलीत, मामाच्या सहा तबकड्या मात्र शाबूत होत्या. पुसून, चावी देऊन लावली, तर 'शीळ' थोडी खरखरली आणि मग स्वच्छ वाजली.

चौथ्या कॅसेटीवरून काही वर्षांपूर्वी माझ्या नातवाने ठाण्याच्या एका कारागिराकडून जमेल तेवढे उतरवून घेतले. अकरा मिनिटे निघाली. त्यातली दोन-तीन खोकण्यात आणि भाताच्या चौकशीत गेली आहेत. कारागिराने विचारले होते की, तेवढा भाग कापून टाकू का? नातवाने मला फोन केला. मी म्हटले, काहीही कापू नकोस.

गेल्या वाघबारशीला घरी दोन्ही लावले. आधी तबकडी, मग आत्या. पणतीएवढी माझी पणती मांडीवर होती. आत्या खोकली तेव्हा तिने मान वर करून विचारले, "कोणाला बरं नाही?"